शुद्धलेखनात अडखळणारे मूल : घरी मदत कशी आणि कोठून सुरू करावी

माझा मुलगा तिसरीत असताना त्याने ‘परीक्षा’ हा शब्द ‘परिक्षा’ असा लिहिला आणि तो दहा वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ त्याला मिळाला. त्याने वहीत आधी एकाखाली एक दहा ‘प’ काढले, त्यांच्या शेजारी दहा ‘र’ काढले, सगळ्यांना एका दमात पहिली वेलांटी दिली आणि शेवटी दहा ‘क्षा’ लिहून वही मिटली. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत असूनही ती वही तशीच दप्तरात जाऊ दिली, कारण पान भरलेले दिसत होते. चूक मात्र त्या संध्याकाळी दहा वेळा गिरवून पक्की झाली होती.

पुढे वर्गातल्या वह्या तपासताना माझ्या ध्यानात येत गेले की ज्याला आपण सरसकट ‘अशुद्धलेखन’ म्हणतो त्यात निरनिराळ्या जातींच्या चुका एकत्र मिसळलेल्या असतात, आणि चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखल्याशिवाय करून घेतलेला सराव बहुधा वाया जातो. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात सरावाने न करता ओळखीने केली आहे. साधारण पहिली ते सहावीत मराठी लिहिणाऱ्या मुलांच्या पालकांना ते उपयोगी पडावे. मूल इंग्रजी माध्यमात असले तरी हरकत नाही; २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून अशा घरांतही ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा रात्रीच्या जेवणाला होऊ लागली आहे.

पहिली पायरी : आठवडाभर नुसत्या चुका जमवा

एक साधी वही घ्या आणि ती मुलाला न दाखवता स्वतःजवळ ठेवा. मूल शाळेच्या वहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर, किराणा मालाच्या यादीत जे काही लिहील त्यातले चुकलेले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या आणि शेजारी योग्य शब्द लिहा. या आठवड्यात मुलाला काहीही सुधारून सांगू नका आणि लाल पेनाला हात लावू नका. हा आठवडा पालकांना जड जातो, याची मला कल्पना आहे. पण टोकलेले मूल दुसऱ्या दिवसापासून फक्त खात्रीचे शब्द वापरू लागते आणि मग आपल्याला त्याची खरी अडचण दिसतच नाही.

दुसरी पायरी : चुकांची वर्गवारी करा

चौथीतल्या एका मुलीने आजीविषयी लिहिलेल्या या ओळी पाहा : ‘माझि आजी गावी रहाते. ती खिर छान करते. आम्ही सुट्टीत जातो आणी आंबे खातो. रात्री ती मला गोश्ट सांग्ते. सुर्य मावळ्ला कि ती अंगणात दिवा लावते.’

पाच-सहा वाक्यांत नऊ चुका आहेत, त्यामुळे पहिल्या नजरेत पान भयंकर वाटते. पण नीट पाहिले तर ‘सांग्ते’ आणि ‘मावळ्ला’ हे शब्द तिने कानाला ऐकू आले तसे अगदी प्रामाणिकपणे लिहिले आहेत. आपण सगळेच बोलताना ‘सांग्ते’ म्हणतो. ‘माझि’, ‘खिर’, ‘आणी’, ‘कि’ या चार चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या मराठी नियमांतल्या आहेत. ‘गोश्ट’ ही सारख्या वाटणाऱ्या दोन अक्षरांची गल्लत आहे. ‘सुर्य’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि त्याला मराठी नियम लागू पडत नाहीत. राहिला ‘रहाते’, राहणे, पाहणे, वाहणे या क्रियापदांत पहिल्या अक्षराला काना असतो, म्हणून ‘राहते’, एवढे एकदा कळले की तो प्रश्न मिटतो. म्हणजे नऊ चुकांच्या मुळाशी जेमतेम पाच कारणे आहेत, आणि त्यांपैकी एक कारण सुधारले तर जवळपास निम्म्या चुका जातात. तिच्या पालकांना ‘नऊ चुका’ हा आकडा सांगण्याऐवजी ही पाच कारणे सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पाहता पाहता उतरला होता.

तुमच्या वहीतही असेच चार रकाने आखा. पहिल्यात अक्षराच्या आकाराच्या आणि हाताच्या चुका येतील, जसे ‘घ’ च्या जागी ‘ध’, ‘भ’ च्या जागी ‘म’, ‘थ’ च्या जागी ‘य’ किंवा वेलांटी भलत्याच बाजूला. दुसऱ्यात ऐकून लिहिण्याच्या, तिसऱ्यात नियमांच्या आणि चौथ्यात नुसत्या लक्षात ठेवण्याच्या शब्दांच्या चुका लिहा. जो रकाना सर्वांत लांब होईल तेथून काम सुरू करायचे आणि बाकीच्यांकडे तूर्त काणाडोळा करायचा.

एक गोष्ट मात्र यांत धरू नका. घरात ‘पानी’, ‘कोन’, ‘न्हाई’, ‘व्हतं’ असे बोलले जात असेल तर मूलही तसेच लिहिणार, आणि ते त्याच्या घरच्या बोलीशी पूर्णपणे जुळणारे लेखन असते. त्याला ‘हे अशुद्ध आहे’ असे म्हटले की त्याच्या आजीचे बोलणेच चुकीचे ठरते. ‘आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात’ असे दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवले तर मुले विनातक्रार शिकतात.

तिसरी पायरी : हात, पेन्सिल आणि अक्षराचे वळण

पहिला रकाना लांब असेल तर शब्दांचा सराव थांबवून आधी बैठक पाहा. खुर्चीवर बसल्यास दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. जमिनीवर बसल्यास समोर उतरते डेस्क असलेले उत्तम. पलंगावर पालथे पडून लिहिणाऱ्या मुलाचे मनगट अधांतरी असते आणि अक्षर त्यामुळेच बिघडते. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असावी, तिला खालून मधल्या बोटाचा आधार असावा आणि बोटे टोकापासून थोडी वर असावीत. पान उलटून मागून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला स्पष्ट लागत असतील तर मूल फार दाबून लिहीत आहे आणि दहा ओळींत त्याचा हात दुखणार हे नक्की. अशा मुलाला मऊ शिशाची ‘टू बी’ पेन्सिल, तीही तिकोनी मिळाल्यास तीच द्यावी.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याच्या फंदात पडू नये. त्याची वही वरच्या बाजूने किंचित उजवीकडे कलती ठेवावी, प्रकाश उजवीकडून यावा, आणि शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला जागा मागून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

अक्षर वळवण्यासाठी आपल्याकडची जुनी धूळपाटी आजही सर्वांत स्वस्त आणि चांगले साधन आहे. स्टीलच्या ताटात रव्याचा किंवा बारीक वाळूचा पातळ थर पसरावा आणि मुलाला बोटाने मोठे अक्षर काढू द्यावे. बोटाला लागणाऱ्या त्या खरखरीने अक्षराची वाट हाताच्या लक्षात राहते, आणि चुकले तर ताट हलवले की पुसले जाते, वहीवर खाडाखोड उरत नाही. पाटीवरच्या पेन्सिलीचेही तसेच आहे. त्यानंतर दुरेघी वही आणि शेवटी एकरेघी.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता वळणाच्या नात्याने घ्यावीत. ‘ग म भ न’ एकत्र, ‘व’ आला की त्यातून ‘ब’ आणि ‘क’, ‘प’ मधून ‘ष’ आणि ‘फ’, ‘र’ मधून ‘स’ आणि ‘ख’, आणि ‘ट’ नंतर ‘ठ’, ‘ढ’, ‘द’. ज्या जोड्यांची गल्लत होते त्या मात्र एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘घ’ पूर्ण पक्का झाल्यावर आठवड्याने ‘ध’ घ्यावा आणि ‘ध’ ची शिरोरेघ तुटलेली असते हे बोट ठेवून दाखवावे. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांबाबत राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे मान्य केली आहेत. मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, म्हणून नमुना नेहमी पाठ्यपुस्तकातला घ्यावा.

देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते, हे मुलांना सांगितले की त्यांना फार आवडते. ‘कपडे दोरीवर वाळत घालतो तसे शब्द’ असे मी सांगते. एका शब्दाची दोरी संपली की एक बोट जागा सोडायची आणि नवी दोरी बांधायची. ओळभर एकच शिरोरेघ ओढणाऱ्या मुलांचे शब्द एवढ्याने सुटे होतात. याच्या उलट, हिंदी किंवा इंग्रजी जास्त वाचणारी मुले ‘झाडा वर’, ‘घरा त’ असे तोडून लिहितात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून ‘झाडावर’ ही एकच दोरी आहे.

चौथी पायरी : ऐकलेले अक्षर वेगळे करता येणे

‘सांग्ते’ लिहिणाऱ्या मुलाचा कान चांगला असतो, त्याला फक्त बोलण्याचा उच्चार आणि लिहिण्याचा उच्चार वेगळा करायचा असतो. शब्द टाळ्यांवर तोडून म्हणायला लावा : सां-ग-ते, मा-व-ळ-ला, आ-व-ड-ते. प्रत्येक टाळीला एक अक्षर. पण येथे एक अडचण येते, ती पालकांनी आधीच समजून घ्यावी. ‘बसता’ आणि ‘रस्ता’ हे शब्द कानाला यमक जुळल्यासारखे लागतात, तरीही पहिल्यात ‘स’ पूर्ण आहे आणि दुसऱ्यात अर्धा. नुसत्या कानाने हे सुटत नाही. ‘बस’ हे मूळ क्रियापद असून त्याला ‘ता’ जोडला आहे, आणि प्रत्यय लागताना मूळ अक्षराचा पाय सहसा मोडत नाही, हे सांगावे लागते. बस-ता, उठ-तो, मावळ-ला, सांग-ते असे मधे रेघ मारून वीस शब्द तोडून घ्या. ‘रस्ता’ तसा तोडता येत नाही, तो मुळातच जोडाक्षराचा शब्द आहे.

जोडाक्षरांत सर्वांत जास्त छळणारे अक्षर म्हणजे ‘र’, कारण ते चार रूपांत भेटते. अर्धा ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, जसे ‘सूर्य’, ‘गर्दी’. आधीचे अक्षर अर्धे आणि ‘र’ पूर्ण असेल तर तो त्याच्या पोटात तिरका शिरतो, जसे ‘प्रकाश’, ‘चक्र’. ‘ट’ आणि ‘ड’ यांना पोट नाही, म्हणून तेथे खाली टोपी घालतो, जसे ‘राष्ट्र’. आणि चौथा ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला. मुले ‘वार्यावर’, ‘पायर्या’ लिहितात ती या शेवटच्या ठिकाणी. यावर माझ्याकडे एक खात्रीची युक्ती आहे : मूळ शब्द म्हणून पाहायचा. दरी, वारा, पायरी, आचारी यांत ‘र’ ताठ उभा आहे, म्हणून त्याच्या रूपांत तो डोक्यावर चढत नाही. दऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ मुळातच तसा आहे, म्हणून त्याला रफार. ‘आचार्यांना भेटलो’ आणि ‘आचाऱ्यांना भेटलो’ यांत भेट कोणाशी झाली, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. पुढे ती रफार विसरत नाहीत.

‘श’ आणि ‘ष’ आपण जवळपास सारखेच उच्चारतो, म्हणून ‘गोश्ट’ होते. येथे शेजारचे अक्षर मदतीला येते. ‘ट’ किंवा ‘ठ’ शेजारी असेल तर ‘ष’ : गोष्ट, कष्ट, कोष्टक, पृष्ठ. ‘च’ शेजारी असेल तर ‘श’ : निश्चय, पश्चिम. ‘त’ किंवा ‘थ’ असेल तर ‘स’ : पुस्तक, रस्ता, स्थान. स्टेशन, पोस्ट, मास्टर हे इंग्रजीतून आलेले शब्द या हिशेबात बसत नाहीत, तेवढे बाजूला ठेवावेत.

पाचवी पायरी : ऱ्हस्व-दीर्घ

येथे बहुतेक घरांत एक चूक होते. पालक शब्द लांबवून उच्चारतात, ‘खीऽऽर, ऐक ना नीट’ असे म्हणतात आणि मुलाने ऐकून दीर्घ ओळखावे अशी अपेक्षा करतात. वास्तविक रोजच्या मराठी बोलण्यात ‘इ-ई’ आणि ‘उ-ऊ’ यांची लांबी इतकी स्पष्ट नसते की तिच्या जोरावर लिहिता यावे. ‘आणि’ मधला शेवटचा ‘णि’ आणि ‘पाणी’ मधला ‘णी’ यांत कानाला काय फरक कळतो, हे स्वतःच म्हणून पाहा. म्हणूनच या भागात कानावर भिस्त ठेवता येत नाही, नियमच सांगावा लागतो.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली, असे एकूण अठरा नियम आहेत. मुलाला अठराही शिकवण्याची गरज नाही. त्यांच्या आधाराने मी पुढचे चारच शिकवते आणि प्रत्येकाला दोन आठवडे देते.

पहिला नियम शेवटच्या अक्षराचा. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दुसरा, म्हणजे दीर्घ : वही, आजी, माझी, की, लाडू, चाकू. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याचे नेहमी भेटणारे अपवाद, शिवाय ‘परंतु’, ‘तथापि’, ‘अति’ अशी काही अव्यये. हा एकच नियम आधी शिकवण्याचे कारण असे की तो सर्वांत जास्त शब्दांना लागतो आणि दोन आठवड्यांत वहीवर फरक दिसतो, त्यामुळे मुलाला हुरूप येतो. पाचवीत हिंदी सुरू झाली की येथेच गोंधळ उडतो, कारण लिपी तीच असूनही हिंदीत ‘कवि’, ‘गुरु’, ‘शक्ति’ असे लिहितात आणि मराठीत ‘कवी’, ‘गुरू’, ‘शक्ती’. दोन भाषांचे दोन रिवाज आहेत असे मुलाला स्पष्ट सांगावे. समासात मात्र मराठीतही पहिला शब्द ऱ्हस्व राहतो; ‘रवी’ पण ‘रविवार’, ‘गुरू’ पण ‘गुरुवार’. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हे दोन्ही वार दर आठवड्याला समोर असतात, त्याचा उपयोग करून घ्यावा.

दुसरा नियम : शेवटचे अक्षर अकारान्त, म्हणजे काना-मात्रा काहीच नसलेले असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. खीर, तूप, फूल, मूल, बहीण, जमीन, गरीब. तिसरा याचाच जोडीदार : शेवटचे अक्षर दीर्घ झाले की आधीचे ऱ्हस्व होते. किडा, विळी, महिना, पाहुणा. आणि म्हणूनच फूल पण फुलाला, खीर पण खिरीत, बहीण पण बहिणीने, गरीब पण गरिबाला. हे मी मुलांना सी-सॉच्या झोक्यासारखे दाखवते. एक टोक जड झाले की दुसरे वर जाते. गावांच्या नावांतही तो झोका चालतो, ‘नागपूर’ पण ‘नागपुरात’. ‘नागपूरला’ म्हणताना मात्र नाव बदललेले नसते, नुसता ‘ला’ चिकटतो, म्हणून ‘पू’ दीर्घच राहतो. मुले हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात. दुकानांच्या पाट्या आणि एसटीचे फलक वाचून चुका काढण्याचा त्यांना नादच लागतो आणि प्रवासात पालकांना थोडा त्रास होतो.

चौथा : जोडाक्षर किंवा ठसठशीत अनुस्वार यांच्या अलीकडचे इकार-उकार मराठी शब्दांत ऱ्हस्व असतात. किल्ला, शिस्त, कुस्ती, पुष्कळ. चिंच, भिंत, उंट, डाळिंब.

यांतला पहिला नियम सोडला तर बाकीच्या तीन नियमांना संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द जुमानत नाहीत. परीक्षा, पूजा, क्रीडा, सूर्य, पूर्व, शरीर, गुण, विष, मंदिर यांना नियम लावायला गेलो तर हमखास चुकतो. ‘सामान्यरूपात (प्रत्यय लागताना बदललेल्या रूपात) ऱ्हस्व’ म्हणून ‘परिक्षेला’ लिहिणारे मूल नियम नीट शिकलेले असते, त्याला शब्दाचे कूळ माहीत नसते एवढेच. असे शब्द पाठ करण्यावाचून इलाज नाही, आणि ते थोडेथोडे करून पाठ होतात. आठवड्याला पाच शब्द स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावेत, त्यांतले नेमके चुकणारे अक्षर वेगळ्या रंगात लिहावे, आणि शनिवारी कागद काढून घ्यावा.

सहावी पायरी : रोजची वीस मिनिटे

रोज एकाच वेळी, शाळेचा गृहपाठ सोडून, पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. त्याहून जास्त वेळ बसवलेल्या मुलाचे शेवटच्या ओळीतले अक्षर पाहिले की बाकीची मिनिटे कोणाच्या समाधानासाठी होती ते समजते.

पहिली पाच-सात मिनिटे शब्दांना द्यावीत. दहा वेळा लिहिण्याऐवजी क्रम असा ठेवावा : शब्द पाहायचा, मोठ्याने म्हणायचा, तळहाताने झाकायचा, आठवून लिहायचा आणि हात काढून स्वतःच ताडून पाहायचा. ताडण्याचे काम मुलाचे आहे, ते आपण हिसकावून घेऊ नये. चुकले तर अख्खा शब्द न खोडता चुकलेल्या अक्षराभोवती गोल करायचा आणि पुन्हा झाकून लिहायचा. एका वेळी पाच शब्द, त्यांतले तीन येणारे आणि दोन नवे, म्हणजे जमल्याची भावना टिकते.

त्यानंतर श्रुतलेखन. येथेही परीक्षेचा आव नको. मुलाला आधी वाचायला दिलेलीच दोन-तीन वाक्ये घ्यावीत आणि त्यांत चालू आठवड्याचा नियम भरलेला असावा. उदाहरणार्थ, ‘आईने बहिणीला वाटीभर खीर दिली. खिरीत तूप होते. मुलांनी फुले आणली.’ संपूर्ण वाक्य एकदा सावकाश सांगावे, मुलाने ते मोठ्याने परत म्हणावे आणि मगच लिहावे. शब्दाशब्दाने तोडून सांगितले तर मुलाला वाक्य धरून ठेवण्याची सवयच लागत नाही. लिहून झाल्यावर मूळ उतारा त्याच्या हाती द्यावा. उतारे बालभारतीच्या पुस्तकांतून घेता येतात. बालभारतीचेच ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात, त्यांतल्या छोट्या गोष्टी यासाठी फार चांगल्या आहेत.

सातवी पायरी : मनातले लिहिताना शुद्धलेखन बाजूला

आठवड्यातून दोनदा मुलाने स्वतःच्या मनातले लिहावे आणि ते कोणी तपासू नये. निबंधाचे विषय येथे उपयोगाचे नाहीत. मामाला चिठ्ठी, फ्रीजवरची सूचना, क्रिकेटच्या संघाची यादी, भांडण झाले असेल तर त्याची तक्रार; तक्रारी मुले फार ओघवत्या लिहितात. चिठ्ठी आली की मजकुराला उत्तर द्यावे, वेलांटीला देऊ नये. आपल्या उत्तरात तो चुकलेला शब्द बरोबर लिहून वापरला की पुरे.

काही मुलांना सांगायचे भरपूर असते, पण कागदासमोर बसले की दोन ओळींत संपते. त्यांच्यासाठी काम वाटून घ्यावे : मुलाने बोलावे, आपण लिहून घ्यावे, मग त्याने त्यातली आवडती तीन वाक्ये उतरवावीत. मोबाइलवर बोलून मराठी टंकलिखित करण्याची सोयही वापरता येते, फक्त यंत्राने लिहिलेला मजकूर मुलाने मोठ्याने वाचून त्यातल्या चुका शोधाव्यात. यंत्र ‘दऱ्या’ ला ‘दर्या’ करते तेव्हा मुलांना विशेष आनंद होतो.

आठवी पायरी : बाहेरची मदत केव्हा घ्यावी

तीन-चार महिने नियमित प्रयत्न करूनही चुकांची वही तशीच राहिली, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिला जात असेल, फळ्यावरचे उतरवताना ओळी गळत असतील, तोंडी उत्तर उत्तम आणि लेखी उत्तर कोरे असा फरक असेल, किंवा लिहायचे म्हटले की मुलाच्या पोटात दुखू लागत असेल, तर सराव वाढवू नये, तपासणी करून घ्यावी. सर्वप्रथम डोळे आणि कान तपासावेत, कारण चष्म्याचा नंबर निघाल्याने प्रश्न सुटलेली मुले मी पाहिली आहेत. त्यानंतर वर्गशिक्षकांना भेटावे आणि जाताना ती चार रकान्यांची वही बरोबर न्यावी. ‘त्याला काहीच लिहिता येत नाही’ या वाक्यापेक्षा ती वही शिक्षकांना खूप जास्त सांगते.

वाचनातली मूळ अडचण डिस्लेक्सियाची किंवा लेखनातली डिसग्राफियाची असू शकते. बुद्धी, कष्ट आणि घरचे वळण यांच्याशी तिचा संबंध नसतो. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेल्या एकवीस प्रकारांत या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळू शकते. मूल्यमापनात बुद्ध्यंक, वाचन, लेखन आणि गणित यांच्या चाचण्या असतात. हे काम ठरावीक सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचा विभाग यासाठी परिचित आहे, इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तारखा लांबच्या मिळतात, म्हणून शंका आल्यावर वर्ष वाया घालवू नये, आणि वाट पाहण्याच्या काळात घरची वीस मिनिटे चालूच ठेवावीत.

प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून कोणती कागदपत्रे लागतात याची यादी लिहून घ्यावी. लेखनिक मिळाला की पालक निश्चिंत होतात, पण दुसऱ्याला सांगून उत्तर लिहवून घेणे हेही वेगळे कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही. मूल भरभर बोलत सुटते, लेखनिक मागे पडतो आणि दोघेही घाबरतात. म्हणून परीक्षेच्या किमान सहा महिने आधीपासून आठवड्यातून एकदा घरातल्या कोणीतरी लेखनिक व्हावे, मुलाने एक वाक्य मनात जुळवून पूर्ण सांगावे, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ हेही तोंडाने म्हणावे, आणि लिहिणाऱ्याचा हात थांबेपर्यंत पुढचे वाक्य उच्चारू नये.